बदकाची पावती

वयाच्या चोविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत मी रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा पिस्तुलं झाडली. मध्ये अर्धा तास डबा. हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग खुर्ची जरा मागे घेतो. घेऊ दे. वसईच्या पूर्वेला, वालीवच्या एका गाळ्यात दिवाळीच्या टिकल्या वाजवायची प्लास्टिकची पिस्तुलं बनायची, आणि मी तिथे टेस्टिंगला होते. पंजाबी ड्रेस, डोक्याला रुमाल, कानात कापसाचे बोळे आणि हातात पिस्तूल. संध्याकाळी घरी गेले की आई म्हणायची, "आधी आंघोळ कर, अंगाला लक्ष्मीपूजनाचा वास येतोय."

फुलपाड्यात आमच्या बिल्डिंगमध्ये मात्र आईने याची वाच्यता होऊ दिली नव्हती. लग्नाची मुलगी, आणि पिस्तुलं झाडते, हे सांगणार कसं? कुणी विचारलं की ती म्हणायची, "ती टेस्टिंगला आहे." लोकांनी त्याचा लावायचा तो अर्थ लावला. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा एकदा भल्या सकाळी दारात उभे. हातात औषधाची जुनी बाटली, झाकण घट्ट लावलेलं, वर स्वतःचं नाव लिहिलेलं. "जाताना तेवढी घेऊन जा गं पोरी, रिपोर्ट सावकाश आण." मी ती बाटली घेतली. काय करणार? नाक्यावरच्या खऱ्या पॅथॉलॉजीत देऊन आले आणि संध्याकाळी रिपोर्टही आणला. साखर वाढली होती त्यांची.

कामाची पद्धत साधी होती. बारा पिस्तुलांचा एक ट्रे यायचा. त्यातली दोन उचलायची, लाल टिकल्यांची गुंडाळी आत बसवायची, प्रत्येकाचे तीन बार काढायचे. सहाच्या सहा वाजले तर खोक्यावर जांभळा शिक्का मारायचा, 'तपासले – पास', आणि खाली माझी सही. एक जरी फुसका निघाला तरी अख्खा ट्रे परत काकांकडे.

काका म्हणजे आमचे डायमेकर. ज्या लोखंडी साच्यात पिस्तूल ओतलं जातं त्या साच्याला आमच्याकडे डाय म्हणत, आणि ती डाय काकांनी स्वतःच्या हाताने कोरली होती. वसईच्या पश्चिमेकडच्या एका ख्रिस्ती गावातले. साठीला आलेले, गळ्यात क्रूस, खिशात कायम एक छोटी कानस. रोज सायकल मारत पूल ओलांडून यायचे. उजव्या हाताची करंगळी एका जुन्या कंपनीतल्या प्रेस मशीनने घेतली होती आणि त्याच मशीनच्या दणदणाटाने वीस वर्षांत दोन्ही कानही घेतले होते. एवढा मोठा बार काढणारं पिस्तूल ज्याने बनवलं, त्याला तो बार ऐकूच येत नसे.

म्हणून मी. ट्रे परत गेला की काका स्प्रिंग बदलायचे, घोड्याचं टोक कानसायचे, घोडा म्हणजे चाप ओढल्यावर टिकलीवर आपटतो तो तुकडा, आणि माझ्यासमोर येऊन बार काढायचे. मग माझ्याकडे बघायचे.

"वाजला?"

मी मान हलवायची. वाजला.

दिवसातून पन्नासदा तरी. चार वर्षांत आमचं बोलणं झालं ते बहुतेक एवढंच. इतर कुणाचं त्यांच्याशी तेवढंही होत नसे.

त्या पिस्तुलाचं खोक्यावरचं नाव काही तरी भारी होतं, पण गाळ्यात सगळे त्याला बदक म्हणत. दुसरं काय म्हणणार? पोट सुटलेलं, नाक आखूड, मूठ जाड, आणि रंग हिरवा. पालेभाजी शिळी झाल्यावर होतो तसला हिरवा. मी पहिल्या दिवशी बघितलं तेव्हा मला वाटलं, शीऽऽ, हे कोण विकत घेईल? पण वाजायचं. देवाशप्पथ सांगते, वाजायचं. टिकल्या सर्दावलेल्या असोत, गुंडाळी तिरकी बसलेली असो, चाप ओढला की बार. पोट एवढं मोठं का, हे मी काकांना एकदा खुणेनेच विचारलं. त्यांनी झाकण उघडून आतली गुंडाळी दाखवली. "टिकली ऱ्हायला जागा नको? पोट भरल्याबिगर कोन आवाज करील, पोरी?"

आता शेठविषयी. शेठ माणूस वाईट नव्हते. पगार वेळेवर, दसऱ्याला मिठाईचा पुडा, बायकांशी बोलताना ताई. पण त्यांच्या घरी केबल आली आणि त्यांची झोप उडाली. इंग्रजी पिक्चरमध्ये बघावं तिकडे काळी, चौकोनी पिस्तुलं. एक दिवस त्यांनी रद्दीवाल्याकडून एक परदेशी मासिक आणलं, गुळगुळीत कागदाचं, आतबाहेर नुसती पिस्तुलं. माझ्या टेबलावर आपटून म्हणाले, "ताई, हे बघा. आणि आपण काय करतोय? बदकं पाळतोय!"

मासिक माझ्याच टेबलावर राहिलं. डब्याच्या वेळात मी ते डिक्शनरी लावून वाचून काढलं. उगाच नाही, बारावीला इंग्रजीत बासष्ट होते. त्यात गंमत अशी होती की खरी पिस्तुलं बनवणाऱ्यांनीही आता अर्धंअधिक प्लास्टिकच वापरायला घेतलं होतं. जुनी लोखंडी, वळणदार, नक्षीची पिस्तुलं ज्यांना आवडायची ते या नव्या ठोकळ्यांना नाकं मुरडत होते. पण ठोकळ्यावरची एकेक रेघ कामाची होती. मागच्या बाजूला खाचा, कारण ओल्या हाताने मागे ओढताना बोटं घसरू नयेत. नळीखाली पट्टी, कारण तिथे बॅटरी अडकवायची. बाहेर कुठे काही टोकेरी नाही, कारण काढताना कपड्यात अडकू नये. म्हणजे ते दिसायला तसं होतं कारण ते तसंच चालत होतं.

मी काकांना ती चित्रं दाखवली. चष्मा पुसून त्यांनी प्रत्येक पान बघितलं, बोट फिरवून. आणि मोठ्याने म्हणाले, कारण ते सगळंच मोठ्याने म्हणत, "हा ज्याने बनवला तो शाना मानूस हाय. एक रेघ फुकट नाय."

महिन्याभरात शेठचं नवीन पिस्तूल आलं. डाय त्यांनी बाहेरून, मुंबईहून करून आणली होती. नाव ठेवलं मॉडर्न. काळं, चौकोनी, सडपातळ, हातात घेतलं की खरंच छातीत धस्स व्हावं असं. मागे खाचा होत्या, पण जो भाग ओढायचा तो हलतच नव्हता, अख्खं एकसंध होतं. नळीखाली पट्टी होती, तिच्यात काडेपेटीची काडीही अडकत नव्हती. बाजूला एक खटका होता, तो नुसता उठावाचा. दोन स्क्रू दिसत होते ते खोटे आणि एक खरा होता तो स्टिकरखाली लपवलेला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

काकांनी ते उलटसुलट करून बघितलं. "आन हाच्यात एक रेघ कामाची नाय," ते म्हणाले, आणि गाळ्यातल्या सगळ्यांना ऐकू गेलं. शेठनाही.

खरं घोडं अडलं पोटात. मॉडर्नला पोटच नव्हतं. सडपातळ हवं ना! टिकल्यांची गुंडाळी आत कोंबावी लागे, ती चुरगळे, घोडा तिरका पडे. मी ट्रेमागून ट्रे झाडले. दहातले चार वाजायचे. काका घोडा कानसून कानसून दमले. मी सगळे ट्रे परत पाठवले आणि शिक्का मारायला साफ नकार दिला. शेठ आले.

"ताई, चार वाजतात ना?"

"चार वाजतात. सहा फुसके जातात."

"मग चार पुरे झाले. उरलेले मुलं तोंडाने वाजवतात."

पण शेठ गंभीर होते. म्हणाले, तुम्ही दुकानात उभं राहून बघा. गिऱ्हाईक पिस्तूल उचलतं, असं धरतं, तसं धरतं, एक डोळा मिटतं आणि घेतं. दुकानात कोण टिकली वाजवून बघतं? दुकानदार मारेल त्याला. मग तुमचं टेस्टिंग चुकीचं आहे. टेस्टिंग गिऱ्हाइकासारखं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर आरसा लागला. चांगला कमरेपर्यंतचा, वरच्या कोपऱ्यात कमळाचं स्टिकर असलेला. माझं नवीन काम असं: ट्रेमधलं पिस्तूल उचलायचं, आरशासमोर उभं राहायचं, पिस्तूल धरायचं आणि बघायचं. दिसतंय का? दिसतंय. मार शिक्का. पॅकिंगच्या बायका येता-जाता त्या आरशात केस नीट करू लागल्या. एक जण तर म्हणाली, "डावीकडून जास्त चांगली दिसतेस हां." डोक्यात अशी सणक जायची की काय सांगू! पण मारले मी शिक्के. लाज वाटते सांगायला, पण मारले. घरात पगाराची गरज होती आणि माझी हिंमत तेवढीच होती. न वाजणाऱ्या पिस्तुलांच्या खोक्यांवर 'तपासले – पास' आणि खाली माझी सही, वळणदार अक्षरात.

मग शेठनी ठरवून टाकलं. ही दिवाळी झाली की बदकाची डाय भंगारात. काकांना ऐकू येत नसल्यामुळे त्यांनी ते कॅलेंडरच्या जुन्या पानामागे लिहून दिलं. 'दिवाळीनंतर बदक बंद. तुम्ही आता आराम करा.' काकांनी ते दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

त्या दिवशी डबा खाताना ते पहिल्यांदा लांब बोलले. "आराम करून काय करू? घरात सगल्यांचे गळे दुखले माज्याशी बोलून. बायको बी आता बोलत नाय. ताट ठेवते नि जाते. तिचा काय दोस नाय गो, ओरडून ओरडून थकली. पोरं टीवी बघतात. इकडे तू तरी मान हालवते." आणि मग हसले. "घरी बसलो तर मला कोन सांगील, वाजला का नाय?"

मी काही बोलले असते तरी त्यांना ऐकू गेलं नसतं. मी माझ्या डब्यातलं लोणचं त्यांच्या पोळीवर वाढलं.

त्या वर्षी विधानसभेच्या निवडणुका दिवाळीच्या तोंडावर आल्या. आचारसंहिता लागली. ज्यांच्याकडे परवान्याच्या बंदुका आहेत त्यांनी त्या पोलिसांत जमा कराव्यात, अशा नोटिसा लागल्या. वाड्यांमधल्या बड्या घरांतून लोक आपापल्या आजोबांच्या बंदुका घेऊन जमा करायला निघाले. हायवेवर नाकाबंदी, गाड्यांची झडती. आणि नेमका त्याच आठवड्यात आमचा टेम्पो माल घेऊन निघाला. वीस खोकी मॉडर्नची आणि सहा बदकाची.

नाक्यावरच्या पोलिसाने पहिलं खोकं उघडलं. आत बारा काळी पिस्तुलं ओळीत. तो तीन पावलं मागे सरकला म्हणे, आणि शिट्टी वाजवायची सोडून शिट्टी गिळायचीच बाकी ठेवली. तासाभरात शेठना बोलावणं आलं. खोक्यावर सही माझी, म्हणून मला. आणि बनवणारा कोण विचारलं तर शेठनी काकांचं नाव सांगितलं. आम्ही तिघे शेठच्या स्कूटरवरून गेलो. पुढे शेठ, मध्ये काका, मागे मी तिरकी.

चौकीत गर्दी होती. बंदूक जमा करायला आलेले दोन म्हातारे, म्हैस हरवल्याची तक्रार द्यायला आलेली एक बाई, चहावाला. हवालदारसाहेबांच्या टेबलावर एक काळं पिस्तूल आणि एक हिरवं बदक शेजारी शेजारी ठेवलं होतं. शेठ जाताच सुरू झाले, साहेब, खेळणं आहे, प्लास्टिक आहे, उचलून बघा, हलकं आहे.

"प्लास्टिकची खरी पण असतात आता," हवालदारसाहेब म्हणाले. म्हणजे त्यांनीही कुठे तरी वाचलं होतं. "दिसतं तर खरंच. चालतं का?"

इथे मला शेठची खरोखर दया आली. चार महिने हा माणूस सगळ्या बाजाराला शपथेवर सांगत होता की मॉडर्न मस्त वाजतं. आता हात जोडून म्हणाला, "नाही साहेब! चालतच नाही! कधीच चालत नाही!"

"बघू."

मी गुंडाळी भरली, माझंच काम होतं ते. हवालदारसाहेबांनी पिस्तूल खिडकीबाहेर धरलं. टक. पुन्हा टक. टक, टक, टक. हवा दमट होती, आमच्या गाळ्यात चार तरी वाजायचे, तिथे दहातला एकही वाजला नाही. प्रत्येक टकला शेठचा चेहरा उजळत गेला. दहावी टक झाल्यावर त्यांनी चक्क टाळी वाजवली. "बघा साहेब! म्हटलं ना! एकदम बोगस माल आहे!"

हवालदारसाहेबांनी खोक्यावरचा शिक्का बघितला आणि माझ्याकडे वळले. "तपासले, पास. ही सही तुमची?"

"हो."

"हे एकदाही वाजलं नाही. तपासलं कसं तुम्ही?"

"आरशात बघून," मी म्हटलं.

म्हशीवाली बाई फिस्सकन हसली. हवालदारसाहेबांनी नियम सांगितला: जे चालत नाही ते हत्यार नाही, खेळणं. वीस खोकी सोडा. आणि जे चालतं ते, आचारसंहिता संपेपर्यंत, जमा. त्यांनी बदक पुढे ओढलं. "आता हे."

शेठचा चेहरा पडला. पण डोकं चालणारा माणूस. त्यांनी खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं, त्याच्या मागे घाईघाईने लिहिलं आणि काकांच्या हातात दिलं. मी खांद्यावरून वाचलं. 'बदक वाजू देऊ नका. माल सुटू दे. डाय ठेवतो, तुम्हालाही ठेवतो. शब्द.'

काकांनी ते वाचलं. एकदाच वाचलं. पाकीट खिशात ठेवलं आणि हवालदारसाहेबांना खुणेने विचारलं, मी वाजवून दाखवू का? हवालदारसाहेबांनी मान हलवली. मी गुंडाळी भरली. मला माहीत होतं ते काय करणार. घोड्याखाली डाव्या हाताचा अंगठा घातला की कुठलंही पिस्तूल गप्प बसतं, टेस्टिंगला असलेल्या माणसाला हे काय सांगायला हवं? मी मनात म्हटलं, घाला काका. घाला अंगठा. चुलीत गेलं ते बदक, तुम्ही राहा.

धाडकन बार झाला.

दोन्ही म्हातारे उभे राहिले. चहावाल्याचे दोन ग्लास गेले. निळा धूर टेबलावर पसरला आणि काका माझ्याकडे वळले.

"वाजला?"

शेठ माझ्याकडे डोळे वटारून बघत होते, जणू मी नाही म्हटलं असतं तर धूर परत आत गेला असता. मी मान हलवली. वाजला.

मग त्यांनी थांबायचं नावच घेतलं नाही. दुसरा, तिसरा, चौथा. दर बाराला तोच प्रश्न, तीच माझी मान. पाचव्यापासून म्हशीवाली बाई पण मान हलवू लागली. आठव्याला चहावाला. दहावा बार झाला आणि काकांनी विचारलं, "वाजला?" तर अख्खी चौकी ओरडली, "वाजला!" ते त्यांना ऐकू गेलं नाही, पण सगळ्यांची तोंडं एकदम उघडलेली त्यांनी बघितली. ते हसायला लागले. त्यांना एवढं हसताना मी कधी बघितलं नव्हतं.

मग पावती. बंदुका जमा करायचे छापील फॉर्म होते, दुसरा कुठलाच नव्हता. जमा करणाऱ्याचं नाव विचारताच शेठ दोन पावलं मागे गेले. हत्याराच्या फॉर्मवर नाव? "बनवणारे हे, नाव ह्यांचं लिहा." म्हणून पावती झाली काकांच्या नावाने. शस्त्राचा प्रकार: पिस्तूल, हिरवे, बदकाच्या आकाराचे. नग: सहा खोकी. परवाना: लागू नाही. आणि शेवटच्या रकान्यात, स्थिती: चालू. दहापैकी दहा. खाली सही आणि गोल शिक्का. तो शिक्का माझ्या शिक्क्यापेक्षा फार चांगला उठला होता.

म्हणजे जे हत्यार दिसत होतं ते खेळणं ठरून बाजारात गेलं, आणि बदक आत गेलं. खंडेनवमीला गाळ्यात दरवर्षीप्रमाणे मशिनींना, हातोड्यांना, डायांना झेंडूची फुलं वाहिली. बदकाच्या डायलाही हळदकुंकू लागलं, पूजेत भेद करायची शेठची हिंमत नव्हती. काका दरवर्षीसारखे बाजूला हात बांधून उभे राहिले. दिवाळीपर्यंतही दम निघाला नाही शेठना. पूजेच्या तिसऱ्या दिवशी डाय भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढली, कुंकवासकट, आणि काका सायकल घेऊन गेले. जाताना मला त्यांची कानस देऊन गेले.

निकाल लागले, आचारसंहिता उठली. जमा माल परत मिळणार होता, पण त्यासाठी मूळ पावती परत करायची होती, आणि पावती काकांकडे. शेठनी माणूस पाठवला. काका देईनात. शेठ स्वतः गेले, एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या वेळी मिठाई घेऊन. काकांनी पुडा ठेवून घेतला आणि पावती दिली नाही. सहा खोकी चौकीतच राहिली. तिथला चहावाला नंतर मला सांगायचा की पुढच्या दसऱ्याला पोलिसांनी रायफलींची पूजा मांडली, तेव्हा यादीत हत्यार म्हणून नोंद होती, म्हणून एक बदकही टेबलावर ठेवलं, फूल वाहून.

मॉडर्न? हातोहात खपलं. सगळीच्या सगळी खोकी. न वाजल्याची एकही तक्रार आली नाही. एकही नाही हो! बिल्डिंगच्या गच्चीवर मी स्वतः बघितलं, पोरं माझ्या शिक्क्याचं पिस्तूल धरून तोंडाने ढिश्क्यांव ढिश्क्यांव करत होती आणि खूष होती. मला अजूनही राग येतो त्याचा. शेठ बरोबर निघाले हे कबूल करायला जीभ वळत नाही. दिवाळी झाल्यावर मी नोकरी सोडली आणि नाक्यावरच्या त्याच पॅथॉलॉजीत काउंटरला लागले. आई सुटली एकदाची. इतकी वर्षं ती खोटं बोलत नव्हती, फक्त जरा लवकर बोलत होती.

नाताळात मी काकांच्या घरी गेले. ओटीवर गर्दी होती. देव्हाऱ्याशेजारी, येशूच्या तसबिरीच्या जरा खाली, काचेच्या फ्रेममध्ये ती पावती लावली होती. एक पाहुणा तिच्यासमोर उभा राहून मोठ्याने वाचत होता, "बदकाच्या आकाराचे... हे काय हो?" त्याने वळून काकांना खूण केली. आणि काका सुरू झाले. टेम्पोपासून. मी आल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. सून केकची बशी देता देता मला म्हणाली, "जो येतो तो इचारतो, आन हे परत पयल्यापासून. दिवसातून चारदा ऐकतो आमी."

गोष्ट संपल्यावर त्यांनी मला बघितलं. ओढून पाहुण्यापुढे उभं केलं, ही साक्षीदार म्हणून. मग मला खाली बसवून डाव्या हाताचा अंगठा पुढे धरला. पेराखाली दारूचा काळा डाग कातडीत कायमचा बसला होता. "कोनाला बोलू नको," ते म्हणाले, अर्थात सगळ्या ओटीला ऐकू जाईल असं. "पयल्या बाराला अंगठा घातला होता गो. काय करू, मला बी ऱ्हायचा होता. तरी वाजला. माज्या अंगठ्याला बी आयकला नाय. मंग बोललो, आता कशाला? बाकीचे नऊ मीच वाजवले."

आणि दोन्ही हात वर करून पाहुण्याला दाखवू लागले, दहा. पण करंगळी नव्हती ना. नऊच बोटं होती वर. पाहुणा मोजत होता. काकांना ते कळलं, त्यांनी हात पुन्हा पुन्हा हलवले.

स्वयंपाकघराच्या दारात त्यांची बायको उभी होती. हाताला तांदळाचं पीठ. ती पुढे आली, काकांच्या उजव्या हाताशेजारी आपलं एक बोट उभं केलं, पाहुण्याने दहा मोजेपर्यंत तसंच धरून ठेवलं आणि आत निघून गेली. काका पीठ लागलेल्या आपल्या हाताकडे बघत राहिले. मी रुमाल काढला आणि केकचा कण डोळ्यात गेला असं सुनेला सांगितलं.